मिळून येत नाही

ठप... ठाप.

पहिला आवाज मऊ, शाईच्या गादीवरचा. दुसरा कडक, कागदावरचा. यल्लाप्पाच्या कानात तो पोरवयापासून बसला होता. पण चिवेघोळच्या पोस्टात शिक्का मारलेला त्यानं डोळ्यांनी कधी पाहिला नाही. खालच्या वस्तीच्या माणसांनी पायरीखाली बसायचं, अशी रीत होती. पत्र आलं की ज्ञानू पोस्टमन ते पायरीच्या दगडावर ठेवायचा, हातात द्यायचा नाही. शिक्का मारणारा तोच, वाटणाराही तोच. पण वस्तीत त्याचं पाऊल कधी पडलं नाही.

पुढं धरण झालं. गाव उठवायच्या आधी, पंच्याण्णव साली, वस्तीच्या बावीस घरांना जमिनीच्या बदल्यात जमीन देण्याच्या नोटिसा निघाल्या आणि तशाच परत गेल्या. प्रत्येकीवर ज्ञानूच्या हातचा एकच शेरा : 'मिळून येत नाही.' त्या दिवशी बावीसही घरांत चुली पेटलेल्या होत्या.

आठ वर्षं यल्लाप्पानं कचेरीचे उंबरे झिजवले. शेवटी साहेब म्हणाला, "अशी वस्तीच नकाशावर नाही. गावाच्या शिक्क्याचं, वस्तीच्या पत्त्याचं एक तरी पाकीट आणा, मग जमिनीचं बघू." घरातले कागद तर पाण्यात गेलेले.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात धरण आटलं आणि शाहूवाडीच्या डोंगरातलं ते गाव उघडं पडलं. गाव उठल्यापासून यल्लाप्पा गडमुडशिंगीला राहायचा, तिथून तो लेकीला घेऊन निघाला. संघप्रिया शाळेत शिकवायची. बापाचे अर्ज तीच लिहायची.

"पोस्टात काय घावणार, आण्णा? चिखुल?"

"भितीत लोखंडी पेटी हुती. बघू की."

"ज्ञानूलाच धरायचं हुतं, जित्ता हुता तवर."

"इचारलं की. खाली मान घालून बसला. मग मेलाच त्यो. मयताला गेलतो मी."

"तुमी बी लई भले."

दुपारचं ऊन रणरणत होतं. सुकल्या गाळाला मेल्या माशांचा वास होता. एकही पाखरू ओरडत नव्हतं. भिंती विरघळून गेल्या होत्या, पेटीचा पत्ता नव्हता. पोस्टाचं जोतं आणि पायरी तेवढी शाबूत. संघप्रिया वर चढली. यल्लाप्पा पायरीखाली टेकला.

"वर या की."

"हितंच बरं हाय, बाय. सवय हाय."

"गाव मेलं, आण्णा. पायरी अजून मरंना व्हय तुमची?"

ठप... ठाप.

आवाज तिच्या पाठीमागून आला होता. जोत्यावर तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

"आण्णा... ऐकलासा?"

"व्हय."

गाळाच्या वासात ओल्या शाईचा वास मिसळला. जोत्याच्या आडून एक माणूस पुढं आला. खाकी सदरा, खांद्याला झोळी. खाली घातलेली मान यल्लाप्पानं ओळखली. आठ वर्षांचा राग भीतीच्या वर आला. तो उठला आणि जन्मात पहिल्यांदा ती पायरी चढला.

"ज्ञानू, आमी समदी हितंच हुतो. माजी बायकू रोज दारात बसायची, कागुद येतोय का बघत. तशीच गेली ती. वरनं नुस्ती हाक मारली असतीस तर पळत आलो असतो. का लिव्हलंस तसं?"

ज्ञानूनं झोळीतनं एक पाकीट काढलं आणि दगडावर ठेवायला तो वाकला.

"दगडावर न्हाय." यल्लाप्पानं हात पुढं केला. "हातात दे."

वाकलेला हात तसाच थांबला. फार वेळ थांबला. मग गार, ओलसर कागद यल्लाप्पाच्या तळव्यावर आला.

संघप्रियानं वाचलं. यल्लाप्पाचं नाव. खालची वस्ती, चिवेघोळ. कोपऱ्यात गावाचा गोल शिक्का, बोटाला लागेल इतका ताजा. आणि त्याच जुन्या अक्षरात शेरा : 'मिळून आला.'

"आण्णा... तारीख आजची हाय."

यल्लाप्पाला कळायला वेळ लागला. पाण्याखाली गेलेल्या पोस्टाचा आजचा शिक्का. कुठला साहेब खरा मानणार?

"आता व्हय, ज्ञानू? आता ह्येचं काय करू मी? आनि बाकीची एकवीस घरं?"

झोळीतली उरलेली पाकिटं छातीशी धरून ज्ञानू वळला. जन्मात कधी न धरलेली वस्तीची वाट त्यानं धरली. वस्ती अजून पाण्याखालीच होती. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, मग कमरेला.

मागं, जोत्यावर, मारणारा कुणी नसताना शिक्का पुन्हा सुरू झाला.

ठप... ठाप. ठप... ठाप.

ज्ञानूनं मागं वळून पाहिलं नाही. तो खाली खाली चालत गेला.