घट्ट झाकणाचा डबा

"थुंक! आधी थुंक, हिरू!"

माझी अडीच वर्षांची लेक ओट्यावर बसून साबुदाण्यासारखे पांढरे दाणे चाखत होती. शेजारी कुणाची तरी पिशवी उघडी टाकलेली. आणि पिशवीचा मालक? आमच्या कैनाड गावातल्या विहिरीत वाकून भिंतीवरच्या नेच्यांची, म्हणजे फर्नची, पानं खुडत होता!

"घाबरू नका," तो धावत आला. "सिलिका जेल आहे. पानं सुकवायला... डीएनए खराब होऊ नये म्हणून. विषारी नाही."

"आणि निळे असते तर?" मी कडाडले. "मीही बॉटनीच केलंय. निळे दाणे विषारीच असतात. विहीर कुणाची, पोर कुणाची, काही विचारायची पद्धत?"

पावसाची सर आली तरी तो भिजत, खाली मान घालून एकेक दाणा वेचत राहिला. पापण्यांवर थेंब... छे! मी हिरूची जीभ तपासत होते.

पुढच्या रविवारी रोशन, हे त्याचं नाव, दाण्यांसाठी घट्ट झाकणाचा डबा घेऊन आला. इतका घट्ट, की त्याला स्वतःलाच उघडेना.

"द्या इकडे."

"वा! काय हात आहे!"

"खाऊचे डबे उघडायची सवय आहे. लाडीगोडी नको."

मग तो येतच राहिला. ओट्यावर पानं मांडून सांगायचा, "ही दोन जुळी वाटतात ना? डीएनए म्हणतो, लांबची. आणि ही वेगळी दिसणारी... हिची सख्खी बहीण."

हिरू आता फाटकाकडे डोळे लावून बसायची. मला त्याचाच राग यायचा. ती पोटात असतानाच तिच्या बापानं दुसरा संसार थाटला, आमची फारकत झाली. आता काम संपलं की हाही पुण्याला परत जाणार — मग पोरीनं कुणाची वाट बघायची?

तो निघायच्या दिवशी डहाणू रोडला, स्टेशनबाहेर हिरू त्याच्या कडेवर होती. चिकूवाली बुधीबाई म्हणाली, "पोरगी अगदी बापावर गेलीय गं!"

तो नुसता हसला. नाही म्हणालाच नाही!

"खोटं का बोललात?"

"मी कुठे काय बोललो?"

"तेच तर! दिसण्यावरून नातं ठरवू नये, हे तुम्हीच सांगता ना? काढा हिचा डीएनए. जुळेल?"

"नाही जुळणार." त्याचा आवाज खाली आला. "नेच्यांचं नातं आधीच ठरलेलं असतं, नयना. मी फक्त वाचतो. माणसांचं... विचारावं लागतं. परत येऊ? नेच्यांसाठी नाही."

माझे कान तापले. रागानंच असणार. बुधीबाई चिकू निवडायचे सोडून आमच्याकडे बघत होती. तेवढ्यात हिरूचा हात त्याच्या पिशवीत गेला नि मी दचकले.

"झाकण घट्ट लावलंस ना?"

तो थबकला. "लावलंस?"

इतके महिने 'तुम्ही' होतं. आता तोंडातून गेलं ते गेलं.

"हो, लावलंस!" मी खेकसले. "आणि परत येताना निळे दाणे आणलेस, तर बघ!"