मागच्या दाराची बेल

"त्या वेळंला मी तिथं नव्हतेच, बाई," अंबूबाई म्हणाली. "मग आक्कांनी साज दिला तो कुणाच्या हातात, तेवढं शोधून द्या. उदयदादा सांजच्याला पोलिसात जाणार हायत."

राजारामपुरीतल्या त्या चिंचोळ्या ऑफिसात अक्षता कांबळे खुर्चीत पुढं सरकली. पलीकडं बाकड्यावर आकाराम हवालदार बसले होते. हवालदार म्हणजे निवृत्त. पण कोल्हापुरात एकदा हवालदार झालेला माणूस सरणावर जाईपर्यंत हवालदारच असतो. नोकरी सुटल्यावर घरात करमेना, म्हणून ते अक्षताला खासगी तपासाच्या कामात मदत करायचे. मदत म्हणजे तिच्याबरोबर हिंडायचे आणि दर वेळी भलत्याच माणसावर संशय घ्यायचे. ती त्यांना मामा म्हणायची.

अंबूबाईची हकिकत सरळ होती. शाहूपुरीतल्या इंगवल्यांच्या बंगल्यात ती तीस वर्षं धुणंभांडी करत होती. तिच्या आक्का म्हणजे बायडाबाई इंगवले. वय ऐंशीच्या पुढं, डोळ्यांना जवळजवळ काही दिसत नाही, कान मात्र तिखट. घराचं छत नवं करायला काढलेलं. मंगळवारी दुपारी कारागीर जेवायला बाहेर गेलेले आणि सून घरात नसताना मागच्या दाराची बेल वाजली, अंबू आत आली आणि आपण उशाखालचा सोन्याचा साज तिच्या हातात कपाटात ठेवायला दिला, असं आक्का सांगत होत्या. संध्याकाळी सुनेनं कपाट उघडलं तर साज नव्हता. अंबूबाई म्हणत होती की तेव्हा मी माझ्या घरी झोपले होते, दुपारच्या कामाला गेले ती नंतर. पण तिला झोपलेली कुणी बघितलं नव्हतं.

बेलीचं नाव निघाल्यावर आकारामांना जुने दिवस आठवले. पोलिसात नवे असताना त्यांची गस्त शाहूपुरीत असायची. बायडाबाईंचे मालक बापूसाहेब म्हणजे रेडिओ उघडून बसणारा हौशी माणूस. सगळ्या गल्लीत कड्या वाजत होत्या तेव्हा त्यांनी आपल्या हातानं घराला बेल बसवली. पुढच्या दाराला टिंग-टाँग, मागच्या दाराला नुसतंच टिंग. पुढून येणार ते पावणं, मागून येणार ते घरचं माणूस. पावण्याला गूळपाणी लागतं, घरच्याला 'ये' म्हटलं की भागतं, असं बापूसाहेब सांगायचे. गल्लीतली पोरं बटण दाबून पळायची आणि त्यांच्यामागं आकारामांना धावावं लागायचं. एकदा एक पोरगं सापडलं, ते नेमकं त्यांच्या साहेबांचंच निघालं. काय दिवस होते ते, असं म्हणत आकाराम चपला घालायला लागले.

बंगल्याच्या पुढच्या दारात अक्षतानं बटण दाबलं. काहीच वाजलं नाही. शेवटी आकारामांनी दारावर थाप मारली.

आत सगळीकडं पांढरी धूळ. जुनं प्लायवूडचं छत उतरवलं होतं आणि वर नुसत्या वायरी लोंबत होत्या. फरशी खराब होऊ नये म्हणून दारापासून मधल्या खोलीपर्यंत पोती अंथरली होती. त्यांच्यावरून आकारामांचे जड पायसुद्धा वाजेनात. कधीकाळी याच खोलीत बापूसाहेबांनी त्यांना चहा पाजला होता, आणि आता ओळखीची एक वस्तू दिसंना. त्यांना फार वाईट वाटलं.

उदयसिंह, बायडाबाईंचा मुलगा, शिरोलीच्या फौंड्रीतून तेवढ्यासाठीच घरी आला होता. त्याचं म्हणणं दोन वाक्यांत संपलं. आई खोटं बोलत नाही, आणि मागच्या दारानं दुपारी अंबूबाईशिवाय कुणी येत नाही. साज गेल्याचं कळल्यावर त्यानं काम बंद पाडलं होतं. वायरी उघड्या राहिल्या म्हणून इलेक्ट्रिशियननं त्याच संध्याकाळी त्या लाईनचा फ्यूज काढून ठेवला, तेव्हापासून बेलही मुकी होती.

इलेक्ट्रिशियनचं नाव सम्राट. अक्षतानं त्याला बोलावून घेतलं. जुन्या छताच्या वर बेलीचा डबा आणि तिचा बारका ट्रान्सफॉर्मर दडवलेला होता, असं त्यानं सांगितलं. नवं छत एकदा बंद झालं की तिथं हात पोचणार नाही, म्हणून मंगळवारी सकाळी त्यानं दोन्ही खाली स्वयंपाकघराच्या भिंतीवर आणून बसवले.

"वायरी कशा ओळखल्या?" अक्षतानं विचारलं.

"कसल्या ओळखताय! धुळीनं सगळ्या एकाच रंगाच्या झालत्या. जोडल्या आणि दोन्ही बटणं दाबून बघितली. दोन्ही दाबल्यावर बेल वाजली. काम ओक्के."

आकारामांनी अक्षताला खुणेनं बाजूला घेतलं. घरभर फिरायची मुभा आहे, हाच तो, असं त्यांचं ठाम मत पडलं. अक्षता हसली आणि बायडाबाईंच्या खाटेपाशी जाऊन बसली. उदयसिंहाला तिनं बाहेर थांबायला सांगितलं. ते त्याला आवडलं नाही.

बायडाबाई सांगायला लागल्या. टिंग वाजलं, मी म्हटलं ये गं अंबू, दार उघडंच हाय. ती आली पण बोलली नाही. सकाळी धुळीवरनं मी तिला टाकून बोलले होते, म्हणून रुसली असंल. मग साज दिला आणि नीट ठेव म्हणून सांगितलं.

"एवढंच सांगितलं, आजी?"

दाराच्या दिशेनं कान देऊन म्हातारीनं मुलगा जवळ नाही याची खात्री केली. मग हळूच म्हणाली, "क्रांतीचा हाय, म्हटलं. ती येईल तवा तिला द्यायचा."

क्रांती कोण ते आकारामांना ठाऊक होतं. इंगवल्यांची थोरली लेक. पंचवीसेक वर्षांपूर्वी तिनं कॉलेजातल्या प्रसेनजीतशी जातीबाहेर लग्न केलं आणि बापूसाहेबांनी तिचं नाव टाकलं. एवढा हौशी, दिलदार माणूस, पण त्या बाबतीत दगड झाला. बाप गेला तेव्हाही उदयसिंहानं बहिणीला कळवलं नाही.

"पुढं काय झालं?"

"जाताना तिचा हात माझ्या पायाला लागला. पांघरूण सारखं केलं असंल. मग गेली. जरा वेळानं पुढची बेल वाजली, टिंग-टाँग. आत कोण आलंच न्हाई. वात्रट पोरं, दुसरं कोण? मग बघते तर अंबू मोरीत भांडी घासायला लागलीती."

अक्षता उठली. सून निशिगंधा स्वयंपाकघरात होती. अक्षतानं तिच्याशी काहीतरी कुजबुज केली, तिच्या फोनवरून एक नंबर घेतला आणि परसात जाऊन बराच वेळ बोलत राहिली. आकारामांनी लगेच सम्राटला सोडलं आणि निशिगंधावर संशय घ्यायला सुरुवात केली.

परत आल्यावर अक्षतानं सगळ्यांना मधल्या खोलीत बोलावलं. अंबूबाई खाटेजवळ भिंतीला टेकून बसली, मान खाली घालून. सम्राटनं फ्यूज परत बसवला.

"मामा, पुढच्या दारात जावा आणि बेल दाबा. एकदाच," अक्षता आकारामांच्या कानात कुजबुजली.

आकाराम गेले, बटण दाबलं. आत टिंग वाजलं. आता टाँग येईल म्हणून ते थांबले, पण ते काही आलं नाही. हे काय गौडबंगाल, असं म्हणत ते आत आले, तेवढ्यात बायडाबाई बोलल्या.

"ये गं अंबू."

"आक्का, मी हितंच हाय," अंबूबाई त्यांच्या उशापाशी म्हणाली.

सम्राटनं जीभ चावली.

"दोन वायरींची अदलाबदल झाली," अक्षता म्हणाली. "मंगळवार सकाळपासून पुढचं बटण दाबलं की मागची बेल वाजत होती आणि मागचं दाबलं की पुढची. आजींनी दोन बेली ऐकल्या, दोन्ही अगदी बरोबर सांगितल्या. पहिलं टिंग म्हणजे पुढच्या दारात आलेलं माणूस. नंतरचं टिंग-टाँग वात्रट पोरांचं नव्हतं, ते मागच्या दारात आलेल्या अंबूबाईचं होतं. म्हणूनच पुढून कुणी आलं नाही आणि मोरीत भांडी वाजायला लागली."

"मग पुढून आलं कोण?" उदयसिंहानं विचारलं.

"पोत्यांमुळं पाऊल वाजलं नाही, म्हणून आजींना चाल कळली नाही. कारागीर जेवायला गेलेले, दार उघडं. चोर असता तर त्यानं बेल कशाला वाजवली असती? आणि साज हातात पडल्यावर चोर पळतो. हे माणूस खाली वाकलं. आजी, ते पांघरूण सारखं करणं नव्हतं. कुणीतरी तुमच्या पाया पडत होतं. 'क्रांतीचा हाय' हे ऐकून साज घेणारं आणि पाया पडून जाणारं माणूस एकच असू शकतं."

निशिगंधानं पदर तोंडाला लावला. सासूचं दिसणं गेल्याचं तिनंच नणंदेला फोनवर कळवलं होतं. पण क्रांती येऊन गेल्याचं तिलाही माहीत नव्हतं. आता अक्षतानं स्वतः क्रांतीच्या घरी, कबनूरला फोन करून खात्री केली होती, साज तिच्याकडंच होता. लेकीचं लग्न ठरलं म्हणून क्रांती आमंत्रण द्यायला आली होती. मागच्या दारानं यायचा आपला हक्क सरला, म्हणून तिनं पावण्यासारखं पुढचं बटण दाबलं. अंबूबाईवर आळ आल्याचं तिला आत्ताच कळलं, आणि ती फोनवर ढसाढसा रडली.

"तोंडानं एक शब्द बोलायला काय झालतं तिला?" उदयसिंहाचा आवाज चढला.

"मीही तेच विचारलं. ती म्हणाली, मी नाव सांगितलं असतं आणि आईनं हात मागं घेतला असता तर?"

उदयसिंह बायकोला म्हणाला, "नंबर दे तिचा," आणि फोन घेऊन परसात गेला.

बायडाबाई रडत होत्या. माझ्या म्होरं उभी होती पोर, आणि मी तिला अंबू म्हटलं, एवढंच परत परत म्हणत होत्या. मग त्यांनी चाचपडत अंबूबाईचा खांदा शोधला आणि चुकलं गं माझं, असं म्हणाल्या. आता या दोघी गळ्यात गळा घालणार, असं आकारामांना वाटलं, आणि या वेळीही त्यांचा अंदाज चुकला.

अंबूबाईनं तो हात खांद्यावरून उचलून नीट खाटेवर ठेवला.

"तीस वर्सं झाली, आक्का," ती म्हणाली. "बेल खोटं बोलंल असं तुमास्नी वाटलं न्हाई. मी बोलंन, असं वाटलं."

अंबूबाई उठली, पदर खोचला, खाटेखालचा तांब्या भरून उशाशी ठेवला.

"पाणी हितं ठेवलंय. उद्या येते मी. आज न्हाई, आज मला लई राग आलाय."