न घासलेली कढई

इलियासचे ओठ सुजले कशाने?

रेवूला काही केल्या कळेना. तिच्या वर्गातल्या इलियासला शेंगदाण्याचं वावडं. म्हणून मधल्या सुट्टीत तिने त्याला राजगिऱ्याचा लाडू दिला, तोही पाकिटावरचं लेबल वाचून. राजगिरा, गूळ, तूप. बस्स! तरी पाच मिनिटांत त्याचा श्वास कोंडला. बाईंनी वर्गातल्या पेटीतलं इंजेक्शन टोचलं म्हणून वाचला. आणि लाडू होता रेवूच्याच आजोबांच्या कारखान्यातला.

दुसऱ्या दिवशी पालिकेचा अन्नतपासनीस यंत्रमानव कारखान्याच्या दारात हजर. सगळं हुंगत फिरतो म्हणून पोरं त्याला हुंग्या म्हणायची.

"माझ्या लाडवात शेंगदाणा?" आजोबा कडाडले. "चाळीस वर्षं लाडू वळतोय! सापडला तर नाव बदलीन."

"नाव राहू द्या. कढई दाखवा."

कढई आजोबांच्या वडिलांची, काळीकुळकुळीत. ती घासायची नाही, फडक्याने नुसती पुसायची, हा घरचा कायदा. घासली की पाक चिकटतो म्हणे. सकाळी तिच्यात शेंगदाण्याची चिक्की, दुपारी लाडवांचा पाक.

हुंग्याने ओला बोळा कढईवरून फिरवला आणि बोटभर कागदी पट्टीवर पिळला. पट्टीवर लाल रेघ उमटली.

"शेंगदाण्याचं प्रथिन (शरीर बांधणारा अन्नातला घटक) नेमकं धरून ठेवणारे कण या पट्टीवर आहेत. ते सापडलं की लाल रेघ."

"अरे, जाळावर सगळं जळून जातं!"

"जंतू मरतात. हे प्रथिन तुमच्या आचेला दाद देत नाही. कढईच्या तेलकट थरात बसतं आणि पुढच्या पाकात उतरतं."

"कणभराने काय होतंय?"

"तुम्हाला काहीच नाही. इलियासच्या रक्तातली प्रतिपिंडं (शत्रू ओळखणारे शरीरातले पहारेकरी) शेंगदाण्यालाच शत्रू समजतात. कण दिसला की नुसती बोंबाबोंब. मग ओठ सुजतात, श्वासनळी आवळते. ते नखरे नव्हेत."

चूक दाखवली की मोठी माणसं आधी आवाज चढवतात. आजोबांनीही चढवला. "माझं लेबल खोटं नाही!"

"काय घातलं ते लिहिलंत. काय उतरलं ते नाही लिहिलंत."

"मी वाचून दिला होता, आजोबा," रेवू म्हणाली. "तुमचं लेबल, म्हणून दिला."

आजोबांनी फोन उचलला. स्वतः एकेका दुकानदाराला ते म्हणाले, "लाडू परत पाठव. चूक माझी आहे."

पंधरा दिवसांनी लाडवांची वेगळी खोली झाली, कढई नवी, फडकीही नवी. चिक्कीवर 'शेंगदाणा आहे' असं ठसठशीत लेबल लागलं. नव्या लाडवांची पट्टी कोरी निघाली, तेव्हा कुठे डॉक्टरांची परवानगी मिळाली आणि इलियास आला.

आजोबांनी लाडू पुढे केला. इलियासने हात मागे घेतला. "आधी लेबल."

"वाच बाळा, मोठ्यांदा वाच," म्हणत आजोबांनी पाकीटच त्याच्यासमोर धरलं.

त्याने वाचलं, खाल्लं. रेवू घड्याळाकडे बघत राहिली. पाच मिनिटं, दहा, वीस. आजोबांना घाम फुटला.

"आणखी एक आहे?" इलियासने विचारलं.

आजोबांनी डोळे पुसले, तेही त्याच नव्या फडक्याने. "आता बदला ते," हुंग्या म्हणाला.

रेवू खुदकन हसली. "हुंग्या, ही पट्टी इलियासच्या खिशात ठेवता येईल?"

"खिशात मावेल, पण प्रत्येक घासाआधी मुलांनाच वापरता येईल इतकी सोपी अजून कुणी केली नाही. तू मोठी झालीस की कर."

"मोठी होईपर्यंत थांबायचं कशाला?" रेवू म्हणाली आणि वही उघडून बसली.