शेवंताबाईचं मधलं बोट

मोबाइल खाली ठेवा, मग सांगतो. ही ऐकीव गोष्ट नाही. जीवरामभाऊ पेंटर सोनगीरला माझ्या शेजारीच राहायचा.

दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा. तरुणपणी मात्र धुळ्याहून निघणाऱ्या एका रहस्यकथांच्या मासिकाची मुखपृष्ठं तो काढायचा. हिरवं धुकं, अर्धवट उघडं दार आणि कंदील धरलेली घाबरलेली बाई. दर महिन्याला बाई तीच, त्याची बायको शेवंताबाई. कडब्याच्या यंत्रात तिचं उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलेलं. हा पठ्ठ्या चित्रात ते पूर्ण काढायचा. अंक हातात पडला की ती म्हणायची, "हाऊ हात कोना शे? मना नही."

"लोकेसले देखणा हात लागस," हा हसून म्हणायचा.

एका माघात ती गेली. मूलबाळ नाही. जीवरामभाऊ रडला नाही. चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तर मागायचा नाही. माझा जीव तुटायचा त्याला बघून.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी त्याच्या लक्षात आलं, उद्या तिच्या नावाची पहिली घागर भरायची आणि मागे ठेवायला धड फोटो नाही. आधार कार्डावरचा तर काळाठिक्कर. तो एसटीनं धुळ्याला गेला. तिथे त्या मासिकाची एक जुनी वाचक होती, नूतन मास्तरीण. तिनं ते जुने अंक जपले होते. एका अंकाच्या दोन प्रती निघाल्या, तिनं एक दिली. घरी यायला साडेनऊ झाले.

कोरी घागर पाटावर मांडली, मागे अंक टेकवला आणि बघत बसला. भीती नाही, दुःख नाही. परक्या बाईचं चित्र बघावं तसं, असं त्यानंच मला सांगितलं.

एक वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली. पंखा थांबला.

रॉकेलचा वास आला. घरात कित्येक वर्षांत रॉकेल नव्हतं.

मग घागर वाजली.

टक... ... टक, टक.

बाजारात मडकं घेताना शेवंताबाई असंच वाजवून बघायची. चार बोटांनी. मधल्याची जागा रिकामी.

टक... ... टक, टक.

"शेवंता?"

"मनं चुकनं," त्यानं चूक कबूल केली.

आवाज थांबला. वास मात्र पहाटेपर्यंत होता.

सकाळी मी गेलो, तर जीवरामभाऊ पाटापुढे बसून हमसून हमसून रडत होता. तीन महिन्यांत पहिल्यांदा. त्यानं अंक माझ्या हातात दिला. धुकं तेच, दार तेच, कंदील तोच. कंदिलावरचं मधलं बोट अर्ध्यावर संपलेलं.

मी नखानं खरवडून पाहिलं. कागद गुळगुळीत. पुढे धुळ्याला जाऊन दुसरी प्रतही बघितली, तिच्यात बोट पूर्ण आहे.

आणि आमच्या प्रतीत, बोटाच्या टोकाला टाक्यांचा व्रण आहे, शेवंताबाईच्या बोटाला होता तसाच. तो तर जीवरामभाऊनं जन्मात कधी काढला नव्हता.