वायरला बोट कुणी लावलं?

संशय घ्यायचा पगार मिळणारा माणूस घरी आल्यावर फुकट संशय घेतो. ऑडिटरांचं तसंच होतं. दूध पातळ लागलं की आधी दूधवाला, मग मांजर, मग बायको.

सध्या मात्र त्या रांगेत सगळ्यात पुढे मेहुणा होता. तो बदली होऊन याच गावात येणार होता आणि त्याचा डोळा होता मागच्या खोलीवर. त्याच खोलीत ऑडिटर आयसी, म्हणजे बोटाएवढ्या काळ्या चिपा, जोडजोडून घरगुती अँप्लिफायर बनवत बसायचे. पहिली आयसी त्यांनी उलटी बसवली. ती ढेकर दिल्यासारखा धूर सोडून गेली. दुसरी तापून मेली. म्हणून तिसरीच्या पाठीला, तिची उष्णता ओढून घ्यायला, त्यांनी अॅल्युमिनियमचा एक छान चौकोनी पत्रा कापून बसवला.

“अहो, पातेल्यावरचं झाकण कुठंय?”

“आहे. कामात आहे.”

बायकोने खोलीत येऊन बघितलं आणि कमरेवर हात ठेवले. “रविवारी भाऊ येतोय. तोवर हे डबडं वाजलं तर खोली तुमची. नाही वाजलं, तर त्याची. झाकण तर गेलंच.”

अँप्लिफायर जिवंत आहे का हे बघायची सोपी रीत असते. आवाज आत नेणाऱ्या वायरच्या टोकाला बोट लावायचं. आपलं अंगच एरियल होतं, घरातल्या विजेची घरघर पकडतं आणि स्पीकर भुर्रर्र करतो. शनिवारी दुपारी ऑडिटरांनी बोट लावलं.

स्पीकर गप्प.

बोट ओलं करून लावलं. अंगठा लावला. गप्पच. मघाशी येत होती ती बारीक सूं सूंसुद्धा बंद.

“जरा इथे बोट लाव बघू.”

बायकोने लांबूनच, पालीला हात लावावा तसं, लावलं. भुर्रर्र!

“वाजतंय की!”

साखर मागायला आलेल्या शेजारणीलाही त्यांनी सोडलं नाही. भुर्रर्र. शेवटी मांजराचा पंजा धरून टेकवला. भुर्रर्र, आणि वर मनगटावर ओरखडा.

“मांजराचंसुद्धा वाजतं,” बायको म्हणाली. “तुमचंच कसं हो नाही वाजत?”

“आयसी डुप्लिकेट आहे,” ऑडिटर म्हणाले. आयसीवाला दुकानदार मेहुण्याच्या ओळखीचा, हे त्यांना त्याच क्षणी आठवलं. मग सगळंच जुळत गेलं.

रविवारी सकाळी खोलीचं दार ओढून घेऊन ते दुसऱ्या दुकानातून नवी आयसी आणायला गेले. दुकान बंद. चरफडत परतले, तर जिन्यातच आवाज आला.

भुर्रर्र. थांबला. भुर्रर्र.

आला वाटतं मेहुणा! आपल्या माघारी हात घालतोय! ऑडिटर दोन-दोन पायऱ्या चढून वर आले. घराचं दार उघडंच होतं. ओट्याशी पाठमोरी उभी राहून बायको मागच्या खोलीकडे ओरडत होती, “अहो, पुरे आता! सकाळपासून डोकं उठवलंय. वाजला ना? खोली तुमची. झालं समाधान?”

“मी आत्ता येतोय,” ऑडिटर म्हणाले.

तिने वळून पाहिलं नाही.

“अगं, आत कोण आहे?”

तिने नळ सोडला आणि भांडी घासायला घेतली.

भुर्रर्र.

मागून जिन्यात पावलं वाजली. हातात बॅग घेऊन मेहुणा वर येत होता.

खालून.

“जरा सरकता का?” असं कुणा परक्याला म्हणावं तसं म्हणून तो ऑडिटरांना घासून आत गेला. मागच्या खोलीचं दार त्याने ढकललं.

“वा भाऊजी! मानलं बुवा तुम्हाला!”

भुर्रर्र थांबलं. हात मिळवायला वायरवरचं बोट उचलावं, तसं.

“अरे बापरे,” आतून मेहुण्याचा आवाज आला. “हात किती तापलाय तुमचा!”