चौदा फुटांत सतरा

ऑल्डरवेल गावातल्या त्रेचाळीस इमारती एनिड प्रॉक्टरबाईंनी मोजून वहीत उतरवल्या होत्या. चर्च, लोहाराची भट्टी, शाळा, दोन्ही पब, पार नदीकाठच्या गिरणीपर्यंत. कुठला पाया किती जुना, कुठली खिडकी कुणी बुजवली, सगळं. चाळीस वर्षं गावचं पोस्ट सांभाळलेली बाई. तिच्यापुढे रांग मोडायची कुणाची छाती नव्हती, आणि हाती घेतलेलं काम अर्धं सोडणं तिला ठाऊक नव्हतं.

आता एकच इमारत उरली होती. लेन टिबलच्या शेतातलं रोगघर.

दोनशे तीस वर्षांपूर्वी गावात देवीची साथ आली, तेव्हा आजाऱ्यांना वेगळं ठेवायला ते बांधलं होतं. त्या वेळचे पाद्री अँब्रोज फेल यांच्या नावाची संगमरवरी पाटी अजून चर्चच्या भिंतीवर होती. 'यांच्या दक्षतेमुळे साथीत गावचा एकही जीव दगावला नाही.' पण बाईंनी चर्चची दफनांची वही चाळली होती. त्या हिवाळ्यात सलग अकरा आठवडे एकही नोंद नाही. म्हातारपणानेसुद्धा कुणी मेलं नाही? बाईंना ते पटेना. आणि शनिवारी लेन ते घर पाडून तिथे ट्रॅक्टरची शेड बांधणार होता.

म्हणून गुरुवारी दुपारी, नोव्हेंबरच्या धुक्यात, बाई टेप, टॉर्च आणि चहाचा थर्मास घेऊन शेताच्या फाटकाशी हजर झाल्या.

"मोजा बाई, काय मोजायचं ते मोजा," लेन म्हणाला. "सलगमाच्या ढिगाशिवाय आत काही नाही. पण चारच्या आत बाहेर पडा."

"का रे?"

"आमचा बाप चारनंतर त्या घराकडे फिरकत नसे."

"तुझा बाप चारनंतर स्वतःच्या घराकडेही फिरकत नसे, लेन. पबमध्ये असायचा."

लेन हसला, पण फाटकाच्या आत काही आला नाही.

घर ठेंगणं होतं, विटांचं. एकच दार, जाड ओकच्या फळ्यांचं, बाहेरून हिरवा रंग दिलेलं. बाईंनी ते उघडून खाली वीट सरकवली. आत सलगमांचा ओला, मातकट वास. आणि त्याखाली आणखी एक वास, पूर्वी साथीत शिंपडायचे त्या व्हिनेगरचा. जुना, आंबूस, नाकात बसणारा. समोर आडवी भिंत. तिच्यातलं दार कधीतरी विटांनी बुजवून टाकलेलं. भिंतीपलीकडे अर्धं घर तसंच कोंडलेलं होतं.

बाईंनी टेप लावली. आकडा मोठ्याने म्हणायची त्यांची सवय.

"रुंदी चौदा फूट."

"चौदा फुटांत... आम्ही सतरा," भिंतीपलीकडून कुणीतरी हळूच म्हणालं.

टेप सर्रकन गुंडाळली गेली. बाई बाहेर पडल्या, घराला वळसा घालून मागे गेल्या. मागच्या बाजूला कंबरभर खाजकुयली, आणि सपाट भिंत. ना दार, ना खिडकी. गवतावर त्यांच्याच पावलांचे ठसे.

फाटक शंभर पावलांवर होतं. घरी जाता आलं असतं. पण शनिवारी हे घर राहणार नव्हतं.

बाई परत आत गेल्या. एक बादली उपडी केली, भिंतीला लागून तिच्यावर बसल्या आणि वही उघडली.

"एकेकाने बोला," त्या म्हणाल्या. "नाव, मग वय. सावकाश."

पलीकडे बराच वेळ नुसती कुजबुज... मग एक बाईमाणूस बोललं. "हॅना क्रिक. एकतीस."

"जोनस क्रिक... सहा." हा आवाज भिंतीच्या पार खालून आला. बाई वाकून लिहू लागल्या.

"टोबायस वेन. सत्तर."

कुणी खोकत होतं. कुणी आपलं वय आठवत थांबायचं. एकीने नाव सांगितलं आणि विचारलं, "लिहिलंत?" बाईंनी सांगितलं, "लिहिलं हो." मग ती रडली.

उजेड उतरत गेला. बाईंनी टॉर्च काखेत धरली. दुरून, फाटकापासून लेनची हाक आली.

"बाई! चार वाजून गेले!"

"थांब! अकरा झाले, सहा राहिलेत!"

"सहा काय?"

बाईंनी वहीचं पान उलटलं. सतरावं नाव लिहून झालं, तेव्हा त्यांनी विचारलं, "बाहेर का नाही आलात?"

"बाहेरच्या दाराला कडी... पाद्रीबुवांनी लावली. रोज सकाळी येत. दाराला कान लावून ऐकत." हॅनाचा आवाज अगदी खाली आला. "आमचा आवाज ऐकला, की परत जात. आवाज थांबला, तेव्हा हे आतलं दार विटांनी बुजवलं."

"मग?"

"हळू बोला, बाई... ते ऐकतायत."

बाईंनी मान वळवली. विटेला न जुमानता दार बंद झालं होतं. फळ्यांपलीकडे कुणीतरी अगदी जवळ, संथपणे श्वास घेत होतं.

"लेन?"

"काय बाई?" लेनचा आवाज लांबून आला. फाटकापासूनच.

बाईंनी दार ढकललं. ते हललं नाही. खांदा लावला, पलीकडून तितकाच जोर आला. पण वही हातात होती.

"ऐकायचंय ना?" त्या दाराला तोंड लावून म्हणाल्या. "मग ऐका. हॅना क्रिक, एकतीस. जोनस क्रिक, सहा. टोबायस वेन, सत्तर..."

एकेक नाव त्या ठणठणीत आवाजात वाचत गेल्या. नवव्या नावाला बाहेरचा श्वास अडखळला. चौदाव्याला फळ्यांवर नखं फिरल्याचा आवाज आला. बाई थांबल्या नाहीत. सतरावं नाव संपलं आणि दार आपोआप, सैलपणे उघडलं. बाहेर फक्त धुकं होतं.

फाटकाशी लेन पांढराफटक उभा होता. "तुम्ही कुणाशी बोलत होता?"

"गावच्या लोकांशी," बाई म्हणाल्या. "शनिवारी तू काही पाडायचं नाहीस."

लेनने पाडलं नाही. जानेवारीत जिल्हा कार्यालयाच्या लोकांनी भिंत उघडली. आत सतरा सांगाडे होते. त्यांना चर्चच्या आवारात पुरलं, दगडावर बाईंच्या वहीतली नावं कोरली. फेलची पाटी काढायला नवे पाद्री कां-कूं करत होते, तेव्हा बाई स्वतः शिडी घेऊन गेल्या. रोगघरातून पुन्हा कधी आवाज आला नाही.

रोगघराच्या दुरुस्तीच्या वेळी सुताराने त्या दारावरचे हिरव्या रंगाचे जाड थर खरवडले. खाली, बाहेरच्या बाजूला, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ओकच्या लाकडात एक खळगा निघाला. कान आणि गाल टेकून टेकून झिजल्यासारखा, गुळगुळीत. सुताराने त्यावर तळवा ठेवला आणि झटकन मागे घेतला. बाईंनीही ठेवून पाहिला. बाहेर बर्फ पडत होतं, बिजागऱ्यांवर हिव गोठलं होतं. खळगा मात्र कोमट होता.