शहागडला मुलगी बघायला जाताना

“ओ भाऊ! जरा धक्का देता का?”

सर्जेराव थबकला. सत्त्याण्णव सालच्या परतीच्या पावसानं अंबडकडची काळी रानं लोण्यासारखी मऊ करून ठेवली होती. त्या चिखलात एक पांढरी पिकअप रुतली होती आणि स्टिअरिंगवर होती एक तरुणी... कपाळावर भुरभुरते केस, गालावर चिखलाचा ठिपका.

सर्जेराव स्वतः परीटघडीच्या कपड्यांत. शहागडला मुलगी बघायला म्हणून एसटी धरायला पायी निघालेला. त्याचे काका, म्हणजे काकासाहेब, सकाळच्याच एसटीनं पुढं गेलेले. तरी पाय आपोआप गाडीकडं वळले.

त्यानं मागून रेटलं. चाकं गरगरली आणि पांढऱ्या शर्टावर चिखलाची नक्षी उठली.

“अगं बाई, शर्ट!” ती खाली उतरली. “फोर-व्हीलचं लिवर ओढलंय हो, तरी पुढची चाकं फिरत न्हाईत. आमच्या बियाणं कंपनीचा ड्रायव्हर सुट्टीवर, अन् मला सरकीचे प्लॉट बघायचेत.”

सर्जेराव पुढच्या चाकाशी बसला. मधोमध एक फिरवायची चकती होती, त्यावर इंग्रजी अक्षरं. “इकडं ‘लॉक’ आहे.”

ती पलीकडून ओरडली, “इकडं ‘फ्री’!”

“एक बांधलेलं अन् एक मोकळं... मंग कसं चालंल?”

“दोघांनाबी बांधावं लागंल म्हणता?”

“लागंल असं वाटतंय...”

ती ओठ दाबून हसली. आपण काय बोलून गेलो ते सर्जेरावला मग कळलं, आणि त्याचे कान तापले.

तिनं चकती फिरवली. ती पुन्हा स्टिअरिंगवर बसली; पुढच्या चाकांनी पकड घेतली, गाडी हुंकारत वर आली. “या वाटेनं म्हंजे शहागडलाच ना? बसा की. मी तिकडंच चालले.”

डांबरीवर आल्यावर मात्र वळणावर स्टिअरिंग जड झालं, गाडी गचके देऊ लागली.

“आता काय झालं हिला?” तिनं विचारलं.

“फोर-व्हील काढलंच न्हाई आपण!”

तिनं गाडी थांबवून लिवर ढकललं. हलेना. त्यानंही हात लावला, तो नेमका तिच्या हातावर पडला. क्षणभर जोर लावायचं दोघंही विसरले...

“थोडी मागं घेऊन बघते,” ती पुटपुटली. गाडी हातभर मागं सरकली आणि — खट्! लिवर सुटलं. त्याचा हात जरा उशिरानंच सुटला.

“शहागडला काय काम, भाऊ?”

“ते ‘भाऊ’ जरा राहू द्या न...”

“का बरं?”

“मुलगी... मुलगी बघायला चाललोय.”

तिनं खटकन गिअर बदलला.

“मंग ‘भाऊ’च बराबर,” ती म्हणाली. तिच्या आवाजातली थट्टा कुठं गेली, सर्जेरावला समजेना. मुलगी बघायला जाताना आपल्याला वाईट का वाटावं, तेही समजेना. शहागडात मुलीचं घर आलं, तो उतरला.

काकासाहेब ओट्यावरच चहा घेत होते. “अरे, कुठं लोळून आलास?”

सर्जेरावनं आधी मुलीच्या वडिलांना हात जोडले. “मामा, माफ करा. मुलीला बाहेर बोलावू नका. बघून न्हाई म्हणायचं, हे बिलकुल बरं न्हाई. माझं मन दुसरीकडं गुंतलंय.”

काकासाहेबांची बशी कलंडली. “कधीपासून? काल तर तूच तयार होतास!”

“आत्ता... येताना.”

“कोण आहे ती?”

“नाव ठाऊक न्हाई, काका.”

मुलीचे वडील काकासाहेबांकडं आणि काकासाहेब मुलीच्या वडिलांकडं बघत राहिले. सर्जेराव मान खाली घालून बाहेर आला. पिकअप अजून रस्त्याकडेला उभीच होती.

“झाली बघून?” तिनं समोरच्या काचेकडं बघत विचारलं. “कशी आहे?”

“बघितलीच न्हाई. तुमचं नाव विचारायचं राह्यलं होतं.”

ती पदराचं टोक पिळू लागली. “मी तरी कशाला थांबले, मला बी कळंना...” मग हळूच म्हणाली, “कौसल्या. अंबडला कोर्टामागं घर आहे आमचं. आबांना भेटायला या. पण जल्दी या — रविवारी मला बघायला कुणी येऊन राह्यलंय.”

“शनिवारी आलोच समजा,” सर्जेराव म्हणाला.